काढू नका

१

"मी काहीच केलं नाही."

प्रिंटर बिघडला की माणसं पहिलं वाक्य हेच म्हणतात. एका मोठ्या कंपनीचे सर्व्हर सांभाळणं हे माझं काम असल्यामुळे हे वाक्य मी रोज ऐकतो, आणि रोज मला त्या माणसाची कीव येते. ह्यांना कागद उलटा घातलेला कळत नाही, केबल निघालेली दिसत नाही, पण आपण निरपराध आहोत हे मात्र पक्कं ठाऊक असतं.

वहिनीचा फोन आला तेव्हा तिनेही तेच म्हटलं. "भावजी, मी काहीच केलं नाही हो. सकाळी मशीन चालू केलं, तर पानच येईना."

ह्या वेळी ते खरं होतं. जे केलं होतं ते मी केलं होतं.

माझ्या थोरल्या भावाचं टायपिंग, कॉपी आणि स्कॅनिंगचं छोटं दुकान आहे. खाली दुकान, वर घर. दुकानातल्या कॉम्प्युटरवर दादाने फार वर्षांपूर्वी लिनक्स टाकलं होतं आणि नंतर त्याला हात लावला नव्हता. त्या आठवड्यात मी इथूनच, माझ्या खुर्चीत बसून, नेटवरून त्याच्या कॉम्प्युटरवर शिरलो आणि सगळं नवं करून टाकलं. अपग्रेड नव्हे, सरळ पुसून पुन्हा. गिऱ्हाइकांच्या फायली तेवढ्या बाजूला काढल्या. दादाच्या "उचापती" नावाच्या फोल्डरमध्ये मात्र त्याने स्वतः लिहिलेल्या स्क्रिप्टांचा, म्हणजे छोट्या प्रोग्रॅमांचा, उकिरडा होता. दादाला आपण प्रोग्रॅमर आहोत असं वाटतं. त्याची स्क्रिप्ट वाचणं म्हणजे गाठी पडलेली सुतळी सोडवत बसणं.

त्यातली एक उघडून पाहिली होती, गंमत म्हणून. दुकान बंद करायच्या वेळेला ती "हात" नावाचं एक चित्र प्रिंटरला पाठवायची. एकच पान. वरती दादाने लिहून ठेवलं होतं, "हे का चालतं माहीत नाही. काढू नका."

मी खो खो हसलो होतो. ज्या माणसाला आपलं काम का चालतं ते माहीत नाही, त्याने ते काम करू नये. अख्खं फोल्डर मी पुसून टाकलं.

"आणि अजून एक," वहिनी फोनवर म्हणाली. "ह्यांचा उजवा हात मिटत चाललाय."

"हाताचं डॉक्टर बघतील," मी म्हणालो. "मशीनचं मी येऊन बघतो."

२

दादा वरच्या खोलीत खिडकीपाशी बसला होता. उजवा हात मांडीवर, मूठ वळलेली. मला वाटलं हातात काहीतरी धरलंय.

"आले शहाणे," तो म्हणाला. "केलंस ना माझ्या मशीनचं वाटोळं?"

"तुझ्या मशीनचं वाटोळं तू पंधरा वर्षांपूर्वीच केलं होतंस. मी फक्त क्रियाकर्म केलं."

आमच्या घरात प्रेम असंच बोलतात. वहिनी एवढ्या वर्षांत त्याला सरावली आहे. पण त्या दिवशी ती हसली नाही. तिने दादाचा हात आपल्या हातात घेतला, गरम पाण्याच्या भांड्यात धरला आणि अंगठ्याने एक एक बोट उलगडायला लागली. बोटं तसूभरही हलली नाहीत. दादा भिंतीकडे बघत राहिला.

"डॉक्टर म्हणतात, नसा ठीक, हाडं ठीक," ती म्हणाली. "पण असंच मिटून राहिलं तर बोटं आखडतील, मग कधीच सुटणार नाहीत. हात सारखा गार पडतो. नखं आत रुततात, भावजी. मी कात्री घालून कापते तर रक्त येतं."

मी मनात म्हटलं, नाटकं. दादाला लहानपणापासून आजारपण आवडतं. नसा ठीक, हाडं ठीक, म्हणजे डोकं ठीक नाही, एवढं कळायला डॉक्टर कशाला पाहिजे? पण त्या हाताकडे मी फार वेळ पाहिलं नाही. दादासारखं टायपिंग त्या गावात कुणाचं नाही. दहा बोटं अशी चालतात की बघणाऱ्याने बघत राहावं. दुसरं त्याला काही येत नाही, आणि हे मी त्याला पुष्कळदा सुनावलंही आहे. ती दहा बोटं गेली तर माझ्या भावाचं काय उरेल, हे मला त्या खोलीत नको इतकं स्पष्ट दिसलं.

"ह्यांना बरं वाटू दे, मशीन नाही चाललं तरी चालेल मला," वहिनी म्हणाली.

"मशीन चालणारच आहे," मी म्हणालो आणि खाली उतरलो.

३

दुकान म्हणजे एक लांबट खोली. समोर काउंटर, मागे कागदाचे गठ्ठे, कोपऱ्यात ते मशीन. छापणारं, कॉपी काढणारं, स्कॅन करणारं, तिन्ही एकात. कंबरेएवढं उंच, पिवळट पडलेलं. ह्याहून जुनं यंत्र मी फक्त भंगारात पाहिलं आहे.

बिघाड शोधायला मला चहा निवण्याइतकाही वेळ लागला नाही. मशीनचा ड्रायव्हर, म्हणजे कॉम्प्युटर आणि मशीन यांच्यामधला दुभाष्या, जुन्या जमान्यातला. नव्या सिस्टीमने त्याला दारातच उभं केलं होतं. पान पाठवलं की ते रांगेत जायचं, दुभाष्या कोसळायचा, आणि पान तिथेच लटकायचं. त्याला लागणारी जुनी पॅकेजेस मी शोधली, बसवली, रांग रिकामी केली, छपाईची सेवा पुन्हा चालू केली. चाचणीचं पान पाठवलं.

मशीन आतल्या आत घरघरलं. एक चाक फिरलं, थांबलं, पुन्हा फिरलं. पान बाहेर आलं. स्वच्छ, ठसठशीत.

"झालं!" मी वर ओरडलो. "ह्याच्यासाठी मला रजा टाकायला लावलीत!"



४

आता आलोच आहे तर कॉपी पण निघते का ते पाहावं म्हणून मी झाकण उचललं. काच रिकामी होती. झाकण खाली केलं आणि हिरवं बटण दाबलं. रिकाम्या काचेची कॉपी कोरी निघायला हवी. कोपऱ्यात राखाडी डाग आला.

डाग म्हणजे काच घाण. वहिनीने कधी पुसली असेल तर शपथ. मी फडकं ओलं केलं, काच पुसली, कोरड्या फडक्याने पुन्हा पुसली. कॉपी काढली. डाग तिथेच होता, आणि थोडा मध्याकडे सरकला होता.

मग काचेच्या आतून धूळ असणार. पण धूळ सरकत नाही. मग दिवा जुना झाला असणार. पण दिव्याने पट्टा उमटतो, डाग नव्हे. मी कारणं शोधत होतो आणि प्रत्येक कारण मीच खोडत होतो. हा माझा व्यवसाय आहे. मी कॉम्प्युटरवरून चाचणीचं पान पुन्हा छापलं, ते स्वच्छ आलं. म्हणजे छापणाऱ्या भागाचा दोष नाही. डाग काचेला दिसत होता.

मी झाकण उघडं ठेवलं आणि पुन्हा बटण दाबलं. काचेखालून उजेडाची पट्टी इकडून तिकडे गेली. काचेवर काहीही नव्हतं. मी डोळ्यांनी बघत होतो.

कागद बाहेर आला. डागाला बोटं होती.

मी तो कागद उजेडात धरला. हात होता. उघडा, बोटं ताणलेली. आणि बोटांच्या टोकांना नखं दिसत होती.

५

इथे मला खुर्ची ओढून बसावं लागलं.

तुम्ही कधी गंमत म्हणून कॉपीच्या मशीनवर हात ठेवला असेल, तर काय उमटतं ते तुम्हाला माहीत आहे. तळवा. रेषा. काच खालून बघते, आणि हात वरून टेकवलेला असतो. नखं वरच्या बाजूला राहतात. ती काचेला दिसतच नाहीत.

नखं दिसायची असतील तर हाताची पाठ दिव्याकडे हवी. म्हणजे तळवा वर, काचेला आतून लावलेला. हात खालून वर रेटत असला पाहिजे.

हा विचार मी अगदी शांतपणे केला. एखाद्या मठ्ठ माणसाला समजावून सांगावं तसा स्वतःला सांगितला. मग मला वाटलं की मी मूर्ख आहे. जुन्या मशीनच्या मेमरीत जुनं चित्र अडकलेलं असतं, ते बाहेर पडतंय, झालं. असं काही त्या मशीनमध्ये नसतं हे मला माहीत होतं, तरी मी ते धरून ठेवलं.

तेवढ्यात मधल्या बोटाचं नख दिसलं. ते मधून उभं चिरलेलं होतं.

मी कागद घेऊन वर गेलो. वहिनी दादाच्या मुठीवर फडकं गुंडाळत होती. मी तिच्या हातातून ते फडकं काढलं आणि मूठ उजेडाकडे वळवली. मधलं बोट आत वळलेलं होतं, पण नखाची कड दिसत होती. शटरमध्ये सापडून चिरलेलं दादाचं नख मला लहानपणापासून ठाऊक आहे. बाकीची नखं वहिनीने कापलेली, वेडीवाकडी, एका बाजूने खोल. कागदावरच्या हाताचीही तशीच.

"काय बघतोस?" दादा म्हणाला.

"त्या 'हात' नावाच्या फायलीत काय होतं?"

दादा ओशाळला. "अरे, ते मशीन सकाळी अडायचं. कारण काही सापडेना. एकदा वैतागून काचेवर हात आपटला आणि बटण दाबलं, चालायला लागलं. दुसऱ्या दिवशी हात न ठेवता चालू केलं, अडलं. हात ठेवला, चाललं. रोज कोण हात ठेवत बसणार? म्हणून एकदा नीट स्कॅन करून फाईल केली आणि दुकान बंद करताना छापायला लावली. तेव्हापासून कधी अडलं नाही."

"आणि हे तुला विचित्र वाटलं नाही?"

"तुझ्या कंपनीत सगळं का चालतं ते तुला माहीत असतं का रे?"

वहिनी माझ्याकडे बघत होती. "रोज संध्याकाळी तो पंजा छापलेला कागद निघायचा," ती म्हणाली. "मी रद्दीत टाकायचे. तुम्ही नवं बसवल्यापासून निघाला नाही. भावजी, ह्यांचा हात कधीपासून मिटायला लागला, ठाऊक आहे ना?"

मला ठाऊक होतं. पण मी म्हणालो, "वहिनी, तू पण ना! कशाचा कशाशी संबंध लावशील?"

६

तरीही आम्ही तिघं खाली आलो. दादा कुरकुरत, जिन्याला डावा हात धरून. हा सगळा वेडेपणा आहे असं त्याचं म्हणणं, आणि ह्या एका बाबतीत मी त्याच्याशी सहमत होतो. दुकानाचं शटर अर्धं ओढलं होतं. बाहेर माणसं घरी जात होती, त्यांचे नुसते पाय दिसत होते.

"ठेव मूठ," मी म्हणालो. "उघडत नाही तर तशीच ठेव. तुझीच फाईल पुन्हा बनवू, म्हणजे वहिनीचं समाधान होईल."

दादाने मूठ काचेवर ठेवली. मी बटण दाबलं. उजेडाची पट्टी त्याच्या बोटांखालून गेली, मला स्वतःला दिसली. कागद बाहेर आला.

कागद कोरा होता.

मनगट नाही, बाहीची कड नाही, सावली नाही. दादाचा हात काचेवर होता आणि काचेला तो दिसत नव्हता. मी पुन्हा बटण दाबलं. कोरा. दादाने तोपर्यंत कागद पाहिले नव्हते. मी ते चुरगळून खिशात कोंबले आणि म्हणालो, "टोनर संपलाय." आयुष्यात पहिल्यांदा मी एखाद्या बिघाडाचं खोटं कारण सांगितलं.

वहिनीने मात्र पाहिले होते. तिने पदर खोचला, पुढे झाली आणि बांगड्या मागे सारल्या. "माझा घ्या," ती म्हणाली.

मला तिचा भयंकर राग आला. ह्या बाईला ड्रायव्हर आणि केबल ह्यातला फरक कळत नाही आणि ही निघाली हात द्यायला. "बाजूला हो," मी म्हणालो. "तुला धड ठेवता येणार नाही. हलवशील आणि पुन्हा काढावं लागेल." तिच्या पुढे होऊन मी माझा उजवा हात काचेवर टेकवला आणि डाव्याने बटण दाबलं.

काच कोमट होती. पट्टी निघाली, माझ्या तळव्याखाली आली, आणि तिथे थांबली. मशीनचा आवाज चालू होता, उजेड मात्र पुढे जाईना. मला जाणवलं की काच आता कठीण लागत नाहीये. नवा हातमोजा घालून बघताना आपण बोटं एक एक करून नीट बसवतो, तसं कुणीतरी माझ्या बोटांशी बोटं जुळवत होतं. करंगळी सगळ्यात शेवटी जुळली.

मग पट्टी पुढे गेली. कागदावर माझा तळवा उमटला, रेषांसकट, सरळ आणि साधा.

माझ्या पाठीमागे दादा म्हणाला, "अगं..."

मी वळून पाहिलं. त्याची मूठ उघडत होती. तळव्यावर नखांच्या खुणा लाल होत्या. वहिनी दोन्ही हातांनी त्याचा हात धरून रडायला लागली. "गरम आहे हो," ती म्हणत राहिली. "गरम आहे."

"शेक लागू पडला," दादा म्हणाला.

"लागू पडला," मी म्हणालो.

७

निघण्यापूर्वी मी ती स्क्रिप्ट नव्याने लिहिली. दादाच्या गाठी-गुंत्यासारखी नव्हे. नीटनेटकी, मोजक्या ओळींची, कुणालाही अभिमान वाटावा अशी. दुकान बंद व्हायच्या वेळेला माझा तळवा एका पानावर छापायचा, बस्स.

वरती सूचना लिहायला मी कीबोर्डवर बोटं ठेवली होती. "हे का चालतं माहीत नाही" असं मी, मी लिहायचं? माझ्या नावाने? उद्या कुणी ते उघडून वाचलं, तर मी दादाला हसलो तसं मला हसेल. मी सूचना लिहिली नाही. चांगल्या कोडला सूचना लागत नाही, असं मी नव्या पोरांना नेहमी सांगतो.

वहिनी दारापर्यंत आली. "ह्यांना सांगू का?"

"नको. आपल्या दोघांनाही हसेल तो."

"तुमचा हात बरा आहे ना, भावजी?"

मी तिच्यापुढे हात उघडून मिटून दाखवला. तिने तो जरा जास्तच वेळ पाहिला.

८

त्यानंतर कामाच्या गडबडीत मी ते सगळं जवळपास विसरलो. संध्याकाळी ऑफिस सुटायच्या सुमारास तळव्याला कोमट काच लागल्यासारखं वाटायचं, तेवढंच. त्याची मी सवय करून घेतली.

आज सकाळी शर्टाच्या गुंड्या लागेनात. हात अंगाखाली येऊन अवघडला असेल. चहाचा कप नीट धरता आला, सोडताना जरा वेळ लागला. दुपारी हिशेब विभागातल्या बाई माझ्या टेबलापाशी आल्या. त्यांच्या मजल्यावरचा प्रिंटर चालत नव्हता. त्या तोंड उघडणार एवढ्यात दादाचा फोन आला. मी त्यांना डाव्या हाताने थांबा म्हटलं आणि फोन उजव्या हाताने कानाला लावला.

दादा खुशीत होता. "अरे, दहाही बोटं चालतायत! डॉक्टर तोंडात बोटं घालून बसले. बरं, ऐक शहाण्या. तुझं ते नवं कोड वाचलं मी. माझ्या कोडला उकिरडा म्हणतोस आणि स्वतः काय लिहून ठेवलंयस? रोज तुझा पंजा छापतोय मी दुकानात! देव आहेस का तू? परवा पुसून टाकलं."

परवा. मी मनात दिवस मोजले.

"फायलीसकट," तो म्हणाला. "कागद वाया. आणि मशीन बघ, अडत नाही की काही नाही. नव्या सिस्टीमला ते लागतच नाही! म्हणजे इतकी वर्षं उगीचच. हिला अजून सांगितलं नाही, चार दिवस माहेरी गेलीय. ऐकतोयस ना?"

"कॉपी काढलीस का? काचेवर काही न ठेवता?"

"हो. कोपऱ्यात डाग येतो जरासा. पुसतो मी काच." तो थांबला. माझ्या आवाजात त्याला काहीतरी जाणवलं असावं, शेवटी भाऊ आहे. "काय रे? हवंय का ते तुला? त्यात काय एवढं, आत्ता माझा हात ठेवून नवी फाईल करून देतो. झाकण उघडंच आहे. ठेवू?"

झाकणाची बिजागरी करकरलेली मला ऐकू आली.

"दादा," मी म्हणालो, "झाकण बंद कर."

"अरे पण..."

"तुला एक काम धड येतं, टायपिंग, तेवढं कर. त्या काचेवर हात ठेवू नकोस. वहिनीला ठेवू देऊ नकोस, गिऱ्हाइकाला ठेवू देऊ नकोस. उद्या ते मशीन भंगारात दे. कळतंय का तुझ्या डोक्यात काही?"

तो हसला. "आलास मूळ स्वभावावर! घाबरलो ना मी क्षणभर. बरं, देतो भंगारात." झाकण आपटल्याचा आवाज आला आणि फोन बंद झाला.

मी तसाच बसलो. हिशेबाच्या बाई अजून उभ्या होत्या. त्यांनी माझ्या चेहऱ्याकडे पाहिलं आणि घाईघाईने म्हणाल्या, "सर, मी खरंच काहीच केलं नाही."

"माहीत आहे," मी म्हणालो. "तुमची काही चूक नाही."

फोन खाली ठेवायला म्हणून मी हात टेबलावर आणला आणि बोटं उघडायची वाट बघत राहिलो.